प्रवाळाचे हरवलेले तीन थर

गुरुमूर्तीमामा एकतीस वर्षं चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत प्रवाळ कापत होते. आमच्या तंजावरकडचेच, लांबच्या नात्यातले. प्रवाळावर दरवर्षी एक थर चढतो आणि त्या वर्षी समुद्राच्या पाण्यात जे असेल ते त्यात अडकून राहतं, किरणोत्सर्गी द्रव्यंसुद्धा. मामा एक्स-रेवर थर मोजत आणि प्रत्येक वर्षाची भुकटी वेगळ्या बाटलीत भरत. मोजणी वरच्या, जिवंत टोकापासून. म्हणून नमुना आला की आधी त्या टोकाला ते पेन्सिलीने बाण काढत. मग संशोधन करणारी मुलं तो धूत आणि मामा कापत.

माझ्या सहानाला पीएच.डी.साठी तिथे त्यांनीच नेलं. "काळजी सोडा, अक्का. माझ्या शेजारचं टेबल दिलंय तिला."

निवृत्तीनंतर त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार होते. तेवढ्यात एका नमुन्याचे निकाल आले. साठच्या दशकातल्या अणुचाचण्यांची खूण असायला हवी त्याच्या तीन वर्षं पुढे दिसत होती. मामांची नजर गेली, थर मोजायला चुकले, असं ठरलं. मुदतवाढ रद्द झाली.

त्या संध्याकाळी सहाना म्हणाली होती, "अम्मा, मामांचं चुकलंच नसेल तर?"

मी डोसा उलटत म्हटलं, "मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस. तुझा थिसिस बघ."

काल तिने सांगितलं. त्या नमुन्याचं टोक धुताना तुटून वरच्या तीन थरांचा चुरा झाला. तो तिने फेकला आणि उरलेल्या टोकावर नवा बाण काढला.

आज सकाळी मी मामांना फोन केला.

"मला ठाऊक आहे, अक्का. निकालानंतर फोडी पुन्हा पाहिल्या. माझा बाण इतका देखणा नसतो. तिने धुतलेलं म्हणून कापताना निरखलं नाही, ही चूक मात्र माझी."

"मग बोलला का नाहीत?"

"पोर आपणहून सांगेल, म्हणून थांबलो. दोन महिने." मग म्हणाले, "नोकरीचं राहू द्या. शोधनिबंधात कारण तरी खरं लिहायला सांगा. मी मोजायला चुकलो नव्हतो."

मी सहानाला तसंच सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "निबंध गुरुवारीच गेला. वर्षं दुरुस्त करून."

"आणि कारण?"

"मोजणाऱ्याची चूक."

"कोणी लिहिलं?"

"मी."