आईची दोरी आणि तात्यांचा गळ

मुलांनो,

तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं की या उन्हाळ्यात तुम्ही रोज समुद्रकाठी गळ टाकून बसता आणि रोज हात हलवत घरी येता. धाकटीनं तर फोन हिसकावून मला विचारलं, "आजी, उन्हाळ्यात काठावरून मासे धरण्यात काही अर्थ असतो का?" मी "असतो" एवढंच म्हणाले. पुढचं सांगायला घेतलं असतं तर तुमच्या बाबांनी "आई, आता जुनं उकरू नकोस" म्हणून विषय बदलला असता. मला ते उकरायचंच आहे. ज्या माणसावर माझा राग आहे तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, राग मात्र जसाच्या तसा आहे. आणि हाच प्रश्न आमच्या घरात, समुद्रापासून इतक्या लांब बारामतीकडे, एकदा फार मोठा होऊन बसला होता. क्रमानं सांगते.

ती एकोणीसशे तीसच्या पुढची वर्षं. माझे वडील कालव्यावर ओव्हरसियर होते. बारामतीपासून इंदापूरच्या बाजूला पाट जिथवर जातो त्यातला बराच भाग त्यांच्याकडे होता, आणि आमचं खात्याचं घर पाटाच्या काठावरच होतं. घराच्या थोडं खाली पाटाला पायरीसारखी उतरण होती. तिथे पाणी जोरानं पडून खाली खोल डोह झाला होता. काठावर बाभळी होत्या आणि पलीकडे ऊस. सगळा मुलूख उन्हानं भाजत असताना त्या डोहापाशी गारवा असे.

या गारव्यासाठी पुण्याहून तात्या येत. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, वडिलांचे थोरले भाऊ. ते वकील होते. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की काकूंना घेऊन येत आणि सुट्टी संपेपर्यंत राहत. येताना विलायती काठी आणत, रिळाची, पितळी कड्यांची. सकाळी चहा, दाढी, आंघोळ, वर्तमानपत्र असं सगळं आटोपून ते डोहावर घडीच्या खुर्चीत बसत आणि कणकेच्या गोळ्या गळाला लावून मासे धरत. कणीक मळून द्यायची आईनं, गोळ्या करून द्यायच्या मी. धरलेले मासे साफ करायचे, तळायचे आणि "मीठ कमी" ऐकून घ्यायचं, हेही आईकडेच.

आई कोकणातली, अगदी समुद्रावरची. तात्यांच्या सुट्टीमुळे तिला उन्हाळ्यात माहेर असं उरलंच नव्हतं. पावसाळ्यात बोटी बंद, इतर वेळी माझी शाळा. त्या वर्षी मामाचा निरोप आला की आजोबा फार थकलेत, अंथरुणाला लागायच्या आत एकदा येऊन जा. त्याच दिवशी आईनं ट्रंकेच्या तळातून एक लाकडी फळी काढून उन्हात ठेवली. हातभर लांबीची, दोन्ही टोकांना खाच पाडलेली. तिच्यावर तांबूस दोरी गुंडाळलेली होती, ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून पक्की केलेली, आणि टोकाला गळ. आजोबांनी ती आईला लहानपणी करून दिली होती. आई तेव्हा त्यांच्याबरोबर खडकावर उभी राहून या दोरीनं मासे धरत असे. दोरी उन्हात ठेवली म्हणजे आईच्या मनात जायचं पक्कं झालं होतं, हे मला कळलं.

जेवताना वडिलांनी चाचरत विषय काढला. थोरल्या दिरासमोर आई येत नसे, बोलत तर नसेच. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि मी वाढत होते.

तात्या म्हणाले, "आत्ता? या उन्हात? समुद्रावर जाऊन करायचंय काय?"

वडील म्हणाले, "तिचे वडील थकलेत. शिवाय तिला लहानपणापासून नाद आहे, काठावरून मासे..."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "उन्हाळ्यात? काठावरून? अरे, मी या विषयावरची इंग्रजी पुस्तकं वाचलीत. मासा उन्हाळ्यात खोल पाण्यात जातो. काठावर उभं राहून गळ टाकणं म्हणजे वेळेचा शुद्ध नाश."

दाराआडून आई मला हळू म्हणाली, "सांग तुझ्या तात्यांना, लागतो म्हणावं. पहाटे, भरती चढताना लागतो."

मी सांगितलं.

"आणि इथे रांधणार कोण?" तात्या म्हणाले. "पाहुण्यांना सोडून माहेरी जायची आपल्यात पद्धत नाही. पुढच्या वर्षी बघू."

वडिलांनी मान खाली घालून भात कालवला. त्या भाताचाही मला राग आला होता, पण वडिलांचं मी नंतर सोडून दिलं.

तात्यांचं सोडलं नाही, ते का, ते सांगते. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत कंदील ठेवायला गेले. पलंगाला नवी मच्छरदाणी बांधली होती. चारी कोपऱ्यांना तांबूस दोरीचे तुकडे होते. फळी खाली पडलेली होती, तिच्यावर थोडीशी दोरी शिल्लक होती.

"तात्या, ही आईची दोरी आहे."

"व्हरांड्यात पडली होती. चांगली मजबूत आहे," ते म्हणाले. "निदान डास तरी धरेल."

तात्या बाहेर गेल्यावर आईनं फळी उचलून नेली. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. पोळ्या लाटायला बसली. मी मात्र तिच्या शेजारी बसून ठरवलं की या माणसाला आता एकही मासा मिळू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला शेजारचे डॉक्टर आणि खात्यातले दोघे होते. तात्या रंगात येऊन कालच्या माशाचं वर्णन करत होते. मी भाजी वाढता वाढता विचारलं, "तात्या, उन्हाळ्यात काठावरून मासे धरणं म्हणजे वेळेचा नाश, मग तुम्ही कसे धरता?"

"तो समुद्र, बाळ. हा माझा डोह."

"आणि इथे नाही लागला तर?"

"मला? पाट बंद व्हायच्या आत मला एकही मासा लागला नाही ना, तर तुझ्या आईला मी स्वतः मुंबईला नेऊन बोटीवर बसवून देईन!"

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "आम्ही साक्षीला आहोत हं, वकीलसाहेब." गाळ काढायला पाट आठवड्याभरानं बंद होणार होता, हे ओव्हरसियरच्या मुलीला ठाऊक होतं. बोटी त्याच्या पुढे बंद होणार होत्या, तेही ठाऊक होतं.

आता काकूंबद्दल. काकूंनी माळ घातली होती, मासे खात नसत. तात्या दर वेळी धरलेला मासा शेपटीला धरून त्यांच्या तोंडासमोर हलवत आणि म्हणत, "घे, तुझा विठोबा!" काकू तोंड फिरवून आत जात. पुण्याला त्या वैशाखात नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालत, पुण्य म्हणून. इथे आल्यावर त्यांना त्याची चुटपुट लागली होती, कारण बारामतीच्या कऱ्हेला उन्हाळ्यात माशांपुरतंही पाणी नसे.

मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "काकू, नदी कशाला हवी? आपल्या डोहात घाला की गोळ्या."

काकू जपमाळ थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहाटे जावं म्हणतेस?"

"पहाटेच. पोटभर."

"पुण्य करायचं तर हात आखडून कशाला करायचं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता आम्ही दोघी डोहावर जाऊ लागलो. काकू काठावर बसून एक एक गोळी टाकत, नाम घेत. पाणी उकळल्यासारखं होई. काळ्या पाठीचे थोराड मासे एकमेकांच्या अंगावर चढत. परात रिकामी होईपर्यंत काकू उठत नसत. शेवटी शेवटी मासे नुसते गोळीला तोंड लावून सोडून देत, इतकी त्यांची पोटं भरलेली असत. मग आम्ही घरी येऊन चहा ठेवत असू, आणि तात्या उठत.

खुर्चीत बसलेल्या तात्यांच्या शेजारी गोळ्यांचं ताट घेऊन मी सबंध सकाळ बसे. मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले ऊन जास्त आहे. मग वारा उलटा आहे. मग कणकेत हिंग कमी आहे. एकदा म्हणाले मी फार श्वास घेते. मी श्वास धरून बसले.

पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी आबा रोज त्या वाटेनं जात. पटका सोडून, घाम पुसून ते उभे राहत.

"तात्यासाहेब, काय गावलं का न्हाय?"

"अजून नाही."

"मासं तर हायत की हो. काल म्हशी पाण्यात घातल्या, तर पायात येत हुतं."

"मग तुमच्या म्हशींनीच घाबरवले असतील."

"व्हय जी. म्हशी लई दांडग्या," असं म्हणून आबा माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करत. त्यांना पहाटेचा प्रकार दिसत होता, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. शेपटीनं अंगावरचे डास तात्यांकडे उडवणारी एक म्हैस तेवढी ते त्यांच्या खुर्चीजवळ रोज बांधू लागले.

तात्यांचं वर्तमानपत्र सुटलं. दाढी राहू लागली. जेवताना डॉक्टर मुद्दाम डोकावून विचारत, "मग, वकीलसाहेब?" तात्यांचा चेहरा पडलेला बघितला की मला दोन पोळ्या जास्त जात. आई रोज संध्याकाळी कणीक मळायची, आणि रोज परात आदल्या दिवसापेक्षा मोठी असायची. कणीक कुठे जाते, हे तिनं मला एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तात्यांनी रीळ गुंडाळलं आणि ओसरीवर येऊन वडिलांना सांगितलं, "उन्हाळ्यात काठावरून मासे धरण्यात काही अर्थ नाही. मी आधीच म्हणालो होतो."

दाराआडून आई म्हणाली, "सांग त्यांना, समुद्रावर आहे म्हणावं."

तात्यांनी मग ते बोटीवर बसवण्याचं विनोदानं बोललो होतो, असं सुरू केलं. त्याचं पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण दुसऱ्या सकाळी पाट बंद झाला. उतरणीवरून पडणारं पाणी बारीक होत थांबलं आणि डोह आटत आटत गुडघ्याएवढा झाला. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं पाट्या, घमेली, धोतरं घेऊन धावली. नुसत्या हातांनी मासे काढत होती. तात्या काठावर उभे होते आणि आबा एकेक मासा त्यांच्यापुढे आणून टाकत होते.

"ह्यो बघा, तात्यासाहेब. आन् ह्यो. पोटं बघा कशी टम्म हायत! उपाशी कोण न्हाय हितं."

आबांच्या बायकोनं तिथेच दगडावर एक मासा चिरला. आतून पांढऱ्या कणकेचा लगदा निघाला. काकू त्या पहाटेही परात घेऊन गेल्या होत्या. दुसरा चिरला, त्यातही तेच.

तात्यांनी तो लगदा बघितला, मग माझ्याकडे, मग काकूंकडे. काकू माळ ओढत उभ्या होत्या.

"हे तू?"

"वैशाख आहे ना," काकू म्हणाल्या. "पुण्य करत होते." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बोटीचं कधी करताय? डॉक्टर साक्षीला आहेत. इथला स्वयंपाक मी बघते. मासे तेवढे रांधायची नाही."

चारी बाजूंनी माणसं हसत होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चांगल्या गोष्टी पाहिल्या, तुमच्या बाबांचा जन्मही त्यात आला. पण त्या क्षणी तात्यांचं तोंड जसं झालं होतं, ते आठवलं की मला अजून गोड झोप लागते.

आम्हा मायलेकींना पोचवायला तात्यांना यावं लागलं. बारामतीच्या लहान गाडीनं दौंड, तिथून मुंबई, आणि धक्क्यावर आईची ट्रंक उचलायला हमाल मिळेना तेव्हा ती त्यांनी स्वतः उचलली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या मच्छरदाणीच्या चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडून घेतल्या होत्या. त्या रात्री त्यांना डास चावले असतील अशी मला आशा आहे.

आईनं बोटीवर बसल्या बसल्या तुकड्यांना गाठी मारल्या. आजोबा काठीवर भार देऊन खडकापर्यंत आले, दोन माणसांनी धरून. पहाट होती, भरती चढत होती. त्यांनी दोरीवरून बोट फिरवलं, प्रत्येक गाठीशी थांबले आणि आईला विचारलं, "कुणी कापली?" आईनं सांगितलं. ते म्हणाले, "मेल्याचं वाटोळं होवो," आणि गळाला कोळंबी लावून दिली. ऊन वर यायच्या आत आईला मासा लागला. आजोबांनी त्या दिवशी तो खाल्ला, आणि पाऊस लागल्यावर ते गेले. तात्यांचं ते "पुढचं वर्ष" आजोबांच्या वाट्याला आलंच नाही.

म्हणून मी तात्यांना माफ केलं नाही. त्यांच्या साठीला सगळ्यांनी शाली दिल्या. मी चांगली रेशमी दोरी दिली, मच्छरदाणीसाठी. त्यांनी ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. शेजारी बसलेल्या काकूंनी माळ ओढणं थांबवलं नाही, पण त्या हसत होत्या.

तर धाकटीला सांगा, अर्थ असतो. पहाटे जा, भरती चढताना जा. तरीही मासा लागला नाही, तर तुमच्या आधी काठावर कोण येऊन गेलं ते बघा.

लाकडी फळी, गाठी मारलेली दोरी आणि गंजलेला गळ माझ्या कपाटात खालच्या खणात आहे.