बस्त्याच्या दिवशी घेतलेली गिटार

मला बघायला आलेल्या मुलांपैकी आजवर एकानेच कामाचा प्रश्न विचारला. बाकीचे स्वयंपाकाची चौकशी आईच्या तोंडून करवून घ्यायचे आणि स्वतः पोह्यात डोकं घालून बसायचे. हा धुळ्याचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. म्हणाला, "गिटार कोणती वाजवता?" मी म्हटलं, इलेक्ट्रिक. "मी पण," तो म्हणाला. झालं, मी तिथेच विरघळले. जळगावात मेटलसारखं दणदणीत संगीत वाजवणारी मुलगी म्हणजे नातेवाइकांच्या लेखी अर्धी वाया गेलेली, त्यात असा माणूस स्वतःच्या पायांनी घरात येऊन बसलेला. लॉटरी लागली असंच वाटलं मला, काय सांगू.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत जाऊन वाजवायचं, बारा वर्षं हेच चाललंय. कॉलेजच्या गॅदरिंगला पप्पा स्वतः स्कूटरवर पुढ्यात अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, घेऊन मला सोडायला यायचे. त्यामुळे लग्नाला माझी एकच अट होती, वाजवणं बंद होणार नाही. हे मी साखरपुड्याच्या आधी त्याला तोंडावर विचारलं. तो हसला. "अगं, मी स्वतः वाजवतो. तुला कोण अडवणार?" एवढ्यावर मी होकार दिला.

मग ठरलं, घर एक तर गिटारही एकच घ्यायची, दोघांना चालेल अशी. पैसे माझ्या पगारातले. त्याचा जीव रॉकमध्ये, माझा मेटलमध्ये. त्याला मोकळा, खणखणीत आवाज हवा, ज्यात एकेक तार वेगळी ऐकू येते. मला जाडजूड, दाबून तोडलेला, अँप कितीही वाढवला तरी चिखल न होणारा. एका गिटारीत दोन्ही मिळतं, पण ती डोळे उघडे ठेवून घ्यावी लागते. तारांखाली जे लोहचुंबकाचे पिकअप असतात त्यातला ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथला, दुहेरी हवा, मानेकडचा एकेरी चालतो, आणि स्विच चांगला हवा. स्विच मानेकडे केला की त्याचं गाणं, ब्रिजकडे केला की माझं. त्याला हलता ब्रिज पाहिजे होता, दांडी धरून सूर वाकवायला. मी म्हटलं, त्यात एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, ते नखरे नकोत. फोनवर दोनतीनदा भांडलो, मग त्याने ऐकलं. ऐकून घेणारा माणूस मिळाला म्हणून मी लॅबमध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

बस्ता जळगावात बांधायचा होता, म्हणजे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून लग्नाचे कपडे घ्यायचे. धुळ्याहून गाडी भरून बायका आल्या. शालू झाला, आहेराच्या साड्या झाल्या, तेव्हा तो म्हणाला, आता गिटारचं पण उरकून टाकू. मला वाटलं आम्ही दोघं जाऊ. कसलं काय, पप्पांसकट सगळी वरात निघाली. त्या दुकानात ढोलक्या आणि हार्मोनियम जास्त, भिंतीवर इलेक्ट्रिक गिटारी दोनच. एक काळी, एक लाल. काळी मला पाहिजे तशी, अगदी तशी. लाल दिसायला ठसठशीत आणि आत सगळे एकेरी पिकअप, मेटल लावलं की नुसती घूं घूं. मी दोन्ही वाजवून दाखवल्या. काळीवर मी असा एक तुकडा वाजवला की दुकानदाराने हातातला हिशेब बाजूला ठेवला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर कानावर घेतला.

त्याची आत्या शिंदखेड्याकडच्या खेड्यातली. ती म्हणाली, "हाई काया रंग लगनमा चालत नही व माय. बठ्ठा लोके काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "आत्याबाई, काळी असली म्हणून काय झालं? वाजवायची आहे, नेसायची नाही."

सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पण रुखवतात मांडायची ना? शालू लाल, बाकी सगळं लाल-हिरवं, मध्येच हे काळं." म्हणजे माझी गिटार केव्हाच रुखवतात जाऊन बसली होती, लोकरीच्या ससुल्यांच्या आणि रुखवताच्या लाडवांच्या शेजारी. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मंगळसूत्राचे मणी काळेच असतात की. ते कसे चालतात?" पप्पा खाली बघत होते. आणि हा, ज्याच्याशी मी फोनवर ब्रिजवरून भांडले, ज्याला काळी का घ्यायची हे माझ्याइतकंच माहीत होतं, तो ढोलकीची दोरी चाचपत उभा.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "घेऊ दे तिला. पोरीचा हट्ट आहे." जिंकल्यासारखं वाटलं मला. तारा जरा उंच होत्या, त्या खाली बसवून घ्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, धुळ्यात माझा माणूस आहे, मी करून आणतो. साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर गिटार त्यांच्या गाडीत गेली. मी हात हलवून निरोप दिला, मूर्खासारखा.

चार दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. आधी मला कळेचना काय आहे ते. मरून रंगाची एक वस्तू, कडेने सोनेरी पट्टी, पोटावर दोन कोयऱ्या आणि कोयऱ्यांच्या मध्ये सोनेरी अक्षरांत 'शुभ विवाह'. खाली त्याचा मेसेज, "आई खूश. शालूला मॅच. तुझी गिटारपण तीच राहिली." गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडून त्याने माझी गिटार रंगवून घेतली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. लॅबमध्ये रजा टाकली, पप्पांना घेतलं आणि धुळ्याची एसटी धरली. पारोळा जाईपर्यंत पप्पा एकच घोकत होते, "शांतपणे बोल. पत्रिका छापून झाल्यात." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या हॉलमध्ये दिवाणावर चादर अंथरून गिटार ठेवली होती, शेजारीपाजारी बघून जात होते. मी उचलली. मानेवरच्या पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे उडालेले, चिकट, बोट सरकेना. दुहेरी पिकअपवर मरून पापुद्रा. आणि स्विच मानेकडच्या बाजूला रंगाने घट्ट बसलेला. मी अंगठ्याने जोर लावला, नख तुटलं, तो हलला नाही. म्हणजे त्याचं रॉक जेमतेम वाजलं असतं, माझं काहीच नाही.

"आईला नसेल कळत," मी त्याला म्हटलं, सगळ्यांसमोर, अहो-जाहो न करता. "तू वाजवतोस. तुला माहीत होतं याने काय होणार. तू थांबवलं का नाहीस?"

तो चिडलाही नाही, तेच मला जास्त लागलं. लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, "अगं, लग्न झाल्यावर तू तशीही कुठं वाजवणार होतीस? आई असते घरात, पाहुणे येतात. उगाच ताणू नकोस."

मी पप्पांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते उठतील. ते मान डोलावत त्याला म्हणाले, "तेच तर मला हिला कधीचं सांगायचं होतं, जावईबापू. तुमच्याकडून तरी ऐकेल म्हणून गप्प होतो."

खोलीत सगळे हसले, हलकंच, आता सगळं मिटलं अशा सुरात. सासूबाई म्हणाल्या, चहा ठेवलाय. मी गिटार काखेत मारली आणि बाहेर पडले. फाटकापाशी थांबले, कारण पप्पा मागून येतील असं मला खरंच वाटत होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता.

ते आले बऱ्याच वेळाने, रुमालाने मिशी पुसत. "चांगली माणसं आहेत," म्हणाले. "मी सांगितलंय त्यांना, पोरगी दोन दिवसांत शांत होईल. तारीख तीच ठेवा."