साफ पुसलेलं पान

आमचे अब्बा, जिलानी बाइंडर, लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत जुनी पुस्तकं विकायचे. निकाल लागला की पोरं पुस्तकं टाकून जायची. अब्बा त्यातली पेन्सिल खोडरबरानं पुसायचे, नवा पुठ्ठा चढवायचे. पुस्तक कोरं दिसलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

एकोणीस पुस्तकं मात्र ते कुणाला विकत नसत. सगळी जुनी, जर्मन, आणि एकाच तऱ्हेच्या खेळाची: टेबलाभोवती बसून कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं बांधायला आलेले जर्मन इंजिनियर पीटर पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांशी मोडक्या हिंदीत हा खेळ खेळायचे. जाताना त्यांनी पहिलं पुस्तक दिलं. बाकीची अब्बांनी हैदराबादच्या रद्दीतून वेचली.

माझं डोकं फिरायचं. "वाचता येत न्हाई, तर कशाला जमवायलात?"

"पीटरसाब येतील, तवा खेळू."

गेल्या वर्षी पीटरसाबांची मुलगी आली. पीटर वारले होते. तिनं पहिलं पुस्तक उघडून शेवटची पानं उलटली, पुन्हा उलटली.

"पप्पांनी इथं पेन्सिलीनं जिलानी नावाच्या योद्ध्याची गोष्ट लिहिली होती," ती इंग्रजीत म्हणाली. "शेवट तुम्ही करायचा होता."

मी अब्बांना मराठीत सांगितलं. त्यांनी पान खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, बोटानं चाचपलं. अक्षराचा वळसुद्धा उरला नव्हता.

"लई साफ पुसलं बेटा मी," अब्बा म्हणाले.