‘समजेल’ चालत नाही

कॉलेजातल्या टायपिस्ट बाई बावीस वर्षं संगणक पदवीचा अभ्यासक्रम टाइप करत होत्या. प्रत्येक विषयाखाली, तो शिकल्यावर मुलांना काय येईल, ते लिहायचं असे. तिथे ‘समजेल’ लिहायला अभ्यासक्रम समितीची सक्त मनाई. समजलं की नाही, हे तपासणार कसं? ‘करता येईल’, ‘सांगता येईल’ असंच हवं. सर लोक दरवर्षी विसरत आणि बाई पुटपुटत खोडत बसत.

त्याच पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या लेकीने एकदा शाखा बदलायचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. सायबर सुरक्षा सोडून तिला गेमिंग हवं होतं. बाईंनी कारण विचारलं.

“आई, तुला नाही समजणार.”

“माझं राहू दे,” बाई भाजी चिरत म्हणाल्या. “तुला सांगता येतंय का, ते बघ.”

“गेमिंगमध्ये ना… म्हणजे सुरक्षेपेक्षा…” लेकीने दोनदा सुरुवात केली. मग फॉर्म घडी घालून बॅगेत ठेवला.