गोदामायची ओटी आणि नारिंगी जाकीट

नांदेडला जायचं ठरलं ते नवसापायी, फिरायला म्हणून नव्हे. माझी नणंद मंगल नांदेडला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि बाळंतपण असं अडलं, की डॉक्टरसुद्धा नीट बोलेनात. तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून गोदावरीला बोलल्या, "माय, लेक अन् लेकरू सुखरूप घरी येऊ दे. भर पात्रात येऊन तुझी ओटी भरीन." दोघं सुखरूप घरी आली. बाळ आता रांगतंय, आणि नवस तेवढा राहिला होता. दिवाळीची सुट्टी लागली तशी आत्याबाईंनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी पिशवीत भरली आणि म्हणाल्या, "चला."

त्यातल्या 'भर पात्रात' ह्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. अहो, आम्ही लातूरची माणसं! पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं टाकी येते, टँकर येतो, घागर येते. पाण्यावर बसायचं कसं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही, पोहणं तर लांबच. आणि दर सुट्टीत कुठली ना कुठली बोट उलटल्याची बातमी असतेच. मी ती वाचते, मग रात्रभर कूस बदलत बसते. आमचे हे म्हणाले, "तू खामखा बेजार होऊन राहिली. नांदेडची माणसं रोज बसतात बोटीत." आत्याबाईंनी तर माझं नावच ठेवलं, भित्री भागूबाई. मी म्हटलं ठेवा नाव. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दिवसभर बायकांचं ऐकूनच घ्यायची सवय आहे मला.

सकाळी निघायच्या आधी स्टँडजवळ गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. लातूरला येऊन हा पिवळाधमक, वाफाळता भात न खाता जाऊ नका, आणि वरून तिखट तर्री जपूनच मागा. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला एस.टी. थेट जाते. रस्ता आता बराच चांगला आहे, तरी ज्यांची कंबर धरते त्यांनी मागच्या सीटवर बसू नये. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं आम्हा दोघींचं मिळून जेवढं झालं तेवढं एकट्या ह्यांचं झालं. आत्याबाईंनी ते अहमदपूर येईपर्यंत ऐकवलं. "माझा लेक लई महाग पडला गं," म्हणे. दोन्हीकडं तूर फुलली होती, कुठं सोयाबीनच्या गंजी लागल्या होत्या. लोह्यात चहा प्यायलो. सोबत आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच उरकली, त्यामुळं वाटेत जेवणाचा खर्च लागला नाही.

पहिला दिवस मंगलकडं गेला. बाळानं आजीच्या नाकातली मोरणी ओढली आणि आजी धन्य झाल्या. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात गेलो, लंगरमध्ये बसून जेवलो. कुणी विचारत नाही तुम्ही कोण, कुठले. डाळ, पोळी, खीर, आणि वाढणाऱ्यांचा आग्रह असा, की आत्याबाईंना ताटावर हात आडवा धरावा लागला. नांदेडला गेलात तर हे चुकवू नका. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा, नसला तर तिथं मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर. बाळाला घेऊन मंगल घरीच थांबली. घाटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात नाववाल्यापेक्षा आमचीच चूक जास्त होती. पावसाळ्याचं पाणी अजून उतरलं नव्हतं, गोदावरी काठोकाठ भरलेली. सुट्टीमुळं ही गर्दी! मोटरची एक नाव निघायच्या बेतात होती, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. मी काही बोलायच्या आत आत्याबाई आत जाऊन बसल्यासुद्धा, मांडीवर ओटीचं ताट घेऊन. मागोमाग हे.

मी पायरीवरूनच विचारलं, "जाकिटं कुठंयत?"

नाववाला हसला. "ताई, पानी कमरेएवढं तर हाय."

"मग मोटर कशाला लावली? चालतच जाऊ की पलीकडं!"

नावेतले दोन-चार जण हसले, पण हलेना कुणी. नाववाल्यानं काठावरच्या ताडपत्रीखाली बोट दाखवलं. नारिंगी जाकिटांचा ढीग पडला होता. "हायेत की. कुणी मागतच न्हाई. घातलं तर फोटो चांगला येत न्हाई म्हणतेत."

मी म्हटलं आत्याबाई, जाकीट घाला. त्या कसल्या ऐकतात! छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या गळ्यात शिव हाय. मला जाकीट कामून पायजे?" आम्ही लिंगायत, आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं. आत्याबाईंचं चांदीच्या चौक्यात, म्हणजे छोट्या डबीत आहे, शिवदोऱ्याला बांधलेलं. अंघोळीलासुद्धा ते अंगावरून उतरत नाही. कुणाच्या घामाचं जाकीट त्यावर चढवायचं हेच त्यांना पटेना, आणि ते मला कळत होतं. पण म्हणून मी गप्प बसेन होय?

"शिव तुमचा राखणदार आहे, मान्य. पण मंगलला तोंड मला दाखवायचंय. तुम्ही जा. मी अशा नावेत बसणार नाही." आणि मी पायरीवर फतकल मारली. वरून तोंड चाललं होतं, पण खरं सांगते, आत वेगळाच हिशेब चालला होता. म्हाताऱ्या माणसाचा नवस अडवला म्हणून उद्या काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्याच नावानं बोटं मोडणार. आणि नाही अडवला नि ही नाव कलंडली तर? नावेतली माणसं कुरकुरायला लागली. ह्यांनी डोळे वटारले. नाववाल्यानं मोटरच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. लेकाचा खांदा धरून म्हणाल्या, "उतरव रे मला. सुनेला काठावर रडवत ठेवून मी वटी भरू व्हय? गोदामायला तरी आवडंल का ते?" मी काही रडत नव्हते. पण त्या उतरल्या तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत ही बाई माझ्या म्हणण्यावरून एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकलेली मला आठवत नाही.

ती नाव आमच्याशिवाय गेली. मधल्या वेळात मी जाकिटं उपसली. निम्म्यांचे बक्कल तुटलेले, पट्टे लोंबत होते. पर्समध्ये सुई-दोरा असतोच माझ्या. पायरीवर बसून आमच्या तिघांच्या जाकिटांचे पट्टे दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकले. तोवर नाव फेरी मारून परत आली, नाववाला बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, बाकीचेबी देऊन टाकता का शिवून?" मी म्हटलं, आधी लातूरला माप पाठवा!

वाचणाऱ्यांना एक सांगते. जाकीट अंगात घातलं म्हणजे झालं नाही. घातल्यावर दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत वर आलं तर ते ढगळ आहे, पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. पोटाशी घट्ट बसलं पाहिजे. ब्लाउजचं फिटिंग बिघडलं तर फार तर लग्नात हसं होतं, इथं तसं नाही.

आत्याबाईंच्या चौक्यावर मी त्यांच्याच पूजेच्या पिशवीतलं धुतलेलं पांढरं फडकं घडी करून ठेवलं, आणि त्यावर जाकीट चढवलं. "आता शिवाला कुणाचा घाम लागायचा नाही," म्हटलं. त्या पुटपुटल्या, "लई आगाऊ हायेस तू." पण हात वर करून उभ्या राहिल्या, माप द्यायला राहतात तशा.

दुसऱ्या फेरीत आमच्यासोबत उमरीकडचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि त्याची आई. आमचं बघून त्यांनीही जाकिटं मागून घेतली. ऊन कोवळं होतं, पाण्याला हिरवट मातकट रंग, काठावरची देवळं हळूहळू लहान होत गेली. मोटरीचा आवाज सोडला तर सगळं शांत. मी नावेची कड घट्ट धरून बसले होते, पण इतकं पाणी एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते बघून मन भरून आलं, हे कबूल करते.

मधोमध आल्यावर नाववाल्यानं मोटर बंद केली. "आता वटी सोडा. पन बसूनच."

आणि इथं आम्ही सगळ्यांनी माती खाल्ली. आपल्याकडं ओटी सोडताना कुणी बसून राहतं का? आणि ताटाला सगळ्यांनी हात लावायचा असतो, म्हणजे पुण्य वाटलं जातं. आत्याबाई गुडघ्यावर उठल्या, ताट कडेबाहेर धरलं आणि सवयीनं म्हणाल्या, "हात लावा गं, हात लावा सगळ्यांनी." उमरीची बाई उठली, तिची सासू उठली, हे उठले. आणि सकाळपासून एवढं गाव डोक्यावर घेतलेली मी, मीसुद्धा उठले! सगळे एकाच कडेला. नाववाला "बसा, बसा!" ओरडला तोवर नाव कलली, आणि आत्याबाई ताटासकट पाण्यात.

एक क्षण काही दिसेना. मग नारिंगी रंग वर आला. तोंड वर, पदर पसरलेला, आणि शेजारी ओटीचा नारळ. दोघं एकसारखे तरंगत होते. हे उडी मारायला निघाले, मी त्यांचा शर्ट मागून धरला तो सोडलाच नाही. पोहता येत नसलेला माणूस उडी मारून काय करणार? नाववाला ओरडला, "सगळे पलीकडल्या कडेला बसा! हलू नका!" आम्ही बसलो. त्यानं दोर टाकला. "आजी, धरा. पाय मारू नका, नुसतं धरा." आत्याबाईंनी दोर धरला. त्यानं त्यांना कडेशी आणलं आणि जाकिटाच्या खांद्यांना धरून वर ओढलं. पट्टे करकरले. माझं काळीज त्या टाक्यांत अडकलं होतं. एकही टाका उसवला नाही.

नावेत आल्या त्या ओल्याचिंब, धापा टाकत. हात जाकिटाच्या आत घातला, चाचपडत राहिल्या. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. इष्टलिंग हरवणं म्हणजे काय, ते आमच्या घरातल्यांना सांगावं लागत नाही. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "हाय," म्हणाल्या. "शिव हाय जागेवर." फडकं ओलं झालं होतं, पण जाकिटाखाली चौका जिथल्या तिथं होता. मग मात्र मी जी रडले, ती काठ येईपर्यंत.

उमरीची सासू हळूच म्हणाली, "अन् वटीचं काय बाई? ताट तर गेलं."

आत्याबाई पदर पिळता पिळता म्हणाल्या, "पोचली की. मी सोता नेऊन दिली."

काठावर पहिल्या नावेतली माणसं आरामात भेळ खात बसली होती. सगळी कोरडी, सगळी सुखरूप. बरं झालं बाई, दुसरं काय म्हणणार! नाववाल्यानं स्वतःच्या घरून चहा आणवला, आजींना घोंगडं दिलं. त्या दिवशी त्यानं त्यानंतरच्या नावेला जाकिटं आधी वाटली आणि माणसं नंतर बसवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचे उपकार विसरणार नाही. मंगलनं आईला बघून आधी किंचाळून घेतलं, मग गरम पाणी ठेवलं, मग मला मिठी मारली. बाळानं ओल्या आजीची मोरणी पुन्हा ओढली.

परतीच्या एस.टी.त आत्याबाई खिडकीशी बसल्या. अहमदपूरपर्यंत बाहेरची तूर बघत राहिल्या. मग माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तो लातूर येईपर्यंत तिथंच राहिला. भागूबाई हे नाव मात्र तसंच आहे, ते काही सुटायचं नाही.

आता घरी येऊन आठवडा झाला. राहून राहून एकच मनात येतं, की ह्या बाईनं त्या नावेतून उतरायचं ठरवलं नसतं तर? शिवणकाम माझं, नाववाल्याचा दोर, सगळं खरं. पण उतरल्या त्या. सुनेसाठी उतरल्या. मी त्या एका पावलाची जन्मभर ऋणी आहे.

काल किल्लारीहून त्यांच्या भाचीचा फोन आला. ती मंडळी एका धरणावर बोटीत बसायला निघाली होती, तिलाही कसली तरी ओटी भरायची होती. मी घराला लागूनच्या दुकानात ब्लाउजला काजं करत होते. आत्याबाईंचा आवाज आतून ऐकू आला, फोनवर त्या नेहमी ओरडूनच बोलतात.

"आदी इचार, जाकीट हाय का. अन् घालून वडून बघ, कानापतूर येतंय का. न्हाई म्हणला, तर काठावरनंच सोड वटी. काय व्हत न्हाई गं. पाणी काठालाबी येतंय."