सेलमधलं सॉफ्टवेअर आणि मामाजींचा वरचा सा

सेल संपायला दोन दिवस, चार तास आणि एकोणीस मिनिटं उरली आहेत, असं ते पान सांगत होतं. सेकंदसुद्धा दाखवत होतं, लाल रंगात. मी आमच्या गावी, रिठदला, सोयाबीनच्या पोत्यांमध्ये बसून ते सेकंद बघत होते, आणि छातीत अशी धडधड की विचारू नका. संगीत तयार करायचं सॉफ्टवेअर अर्ध्या किमतीत मिळत होतं. मी पैसे भरून मोकळी झाले. दोन दिवसांनी ते घड्याळ शून्यावर आलं, थोडं थांबलं, आणि पुन्हा पाच दिवसांपासून चालू झालं. माणसाने एवढा निर्लज्जपणा केला असता तर गावात त्याला कोणी चहा विचारला नसता.

मी गाणी गात नाही, बनवते. कोणी गायलेलं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, खाली ढोलकी नि हार्मोनियम बसवायची, आवाज स्वच्छ करायचा आणि ज्याचं त्याला मोबाइलवर पाठवून द्यायचं. लग्नाची गाणी, बारशाची गाणी, दुकानाच्या उद्घाटनाची भोंग्यावरची जाहिरात. सगळ्यात जास्त मागणी 'भाऊंच्या' वाढदिवसाच्या गाण्याला. तालुक्यातल्या पाच भाऊंना मी एकच चाल दिलेली आहे, फक्त नाव बदलून. पाचही जण एकमेकांच्या वाढदिवसाला स्टेजवर हजर असतात. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

स्टुडिओ म्हणजे घरामागची सोयाबीन ठेवायची खोली. तिन्ही भिंतींना पोती वरपर्यंत लावली की आवाज घुमत नाही. शहरात लोक त्यासाठी महागडा फोम चिकटवतात म्हणे. बाजारात भाव वाढला की पोती जातात आणि माझ्या खोलीत सगळं घुमायला लागतं. त्यामुळे भाव पडलेला असताना मनातल्या मनात खूश असणारी आमच्या घरात मी एकटीच. हे मी कधी कोणाला बोलून दाखवलेलं नाही.

आधीचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं, म्हणजे चोरीचं. वाशीमला डीजे चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने पेन ड्राइव्हमधून टाकून दिलेलं. आठ वर्षं मी त्यावर काम केलं. ते मधूनच बंद पडायचं, आणि बंद पडताना शेवटचा सूर धरून ठेवायचं, ईंऽऽऽ करत, मी उठून वायर उपटेपर्यंत. डोक्याला नुसता ताप. म्हणून नवीन आल्याबरोबर मी जुनं काढून टाकलं. नुसतं काढलं नाही, अख्खा लॅपटॉपच पुसून कोरा केला. मूळ रेकॉर्डिंग तेवढी एका डिस्कवर ठेवली. मग अंगणात जाऊन आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं की आजपासून माझं सगळं काम कायदेशीर. त्या गहू निवडत होत्या.

"म्हंजे आतापर्यंत चोर होती का व तू?" एवढंच विचारलं त्यांनी.

दुपारी मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये सूर दुरुस्त करायची सोय शोधायला लागले. सापडेना. सगळे मेनू उघडून पाहिले. शेवटी त्या सेलच्या पानावर परत गेले. तिथे घड्याळाच्या खाली एक तक्ता होता: छोटी आवृत्ती, मधली, मोठी, आणि समोर बरोबरच्या खुणा. सूर-दुरुस्तीपुढे खूण फक्त मोठीला होती. मी घेतली होती मधली. सेकंद वाचत बसले आणि तक्ता वाचला नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

यात एवढं हबकण्यासारखं काय, ते कळायला मामाजींबद्दल सांगावं लागेल. मामाजी म्हणजे माझे सासरे. सत्तरीचे आहेत, आयुष्यभर शेती केली, आणि गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गाणारे तेच. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस देवळात सप्ताह असतो. त्या सात दिवसांत पहाटे भोंग्यावर मामाजींच्या भजनांचं रेकॉर्डिंग लागतं आणि संध्याकाळी ते स्वतः देवळात गातात. रेकॉर्डिंग करायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे.

मी स्टुडिओ टाकायचा म्हटलं तेव्हा भावकीने नाकं मुरडली होती. सुनेच्या खोलीत डीजेवाले येणार, बँडवाले येणार, लोक काय म्हणतील. चार माणसं समजावायला घरी आली. मामाजींनी चहा पाजला आणि म्हणाले, "सून माही हाय, खोली माही हाय, सोयाबीन माहं हाय. तुमचं काय हाय इथी?" विषय संपला.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. मामाजींचा आवाज भारदस्त आहे, शब्द स्वच्छ आहेत, ठेक्याला पक्के. फक्त वरचा सा त्यांना लागत नाही. एसटी स्टँडच्या अलीकडेच थांबते आणि तिथेच माणसं उतरवते, तसं त्यांचं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी नवी सून, आणि समोर माझ्यासाठी भावकीला अंगावर घेतलेला माणूस. माझी जीभच रेटली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज लहान लहान गोळ्यांसारखा दिसतो. सूर बरोबर असला की गोळा रेघेवर, खाली असला की रेघेखाली. माउसने धरायचा आणि वर ओढायचा, बस. मी एक गोळा ओढला. "थोडी साफसफाई केली," म्हणून सांगितलं, "कुत्र्याचं भुंकणं होतं, गिरणीचा आवाज होता, ते काढलं." मामाजींनी ऐकलं. मग आत्याबाईंना हाक मारली, "अवं, इकडं ये. वरचा सा पाय व, अजूनही कसा लागते!" आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. झालं. पुढच्या वर्षी मी चार गोळे ओढले. गेल्या वर्षी तर जवळजवळ प्रत्येक ओळीत हात घातला होता.

याचा एक परिणाम सुरुवातीला माझ्या ध्यानात आला नव्हता. पहाटे भोंग्यावर वरचा सा लख्ख लागायचा, आणि संध्याकाळी तोच माणूस तेच भजन देवळात गायला लागला की लागायचा नाही. गावाने विचार करून दोष माइकला दिला. मंडळाने आठ वर्षांत तीन माइक बदलले. मामाजी भर सप्ताहात साउंडवाल्याला झापायचे, "अरे, सकाळी लागते, आता काहून नाई लागत?" आणि तो भला माणूस मान खाली घालून वायरी हलवून पाहायचा. मी मागे बायकांमध्ये बसून टाळ्या वाजवायची. लाज वाटायची हो. पण बोलले नाही.

तर या वर्षी मामाजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून रेकॉर्डिंगला आले. छान रंगून गायले. या आवृत्तीत गोळे नुसते दिसायचे, ओढता यायचे नाहीत; वरचा सा आला तेव्हा पडद्यावर मला दिसलं की तो नेहमीपेक्षाही खाली आहे.

"ऐकव," ते म्हणाले.

"उद्या, मामाजी. साफसफाई राहिली."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, लॅपटॉप अपडेट होतोय. तिसऱ्या दिवशी लाइन गेली, देवासारखी धावून आली म्हणा ना. चौथ्या दिवशी आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गिरणी त चार दिवसांपासून बंद हाय. कायची साफसफाई करून राह्यली व तू?" मी तांब्या उचलून पाणी आणायला बाहेर पडले.

जुनं पुसून टाकलेलं, मावसभावाकडेही ते उरलं नव्हतं. आता मोठी आवृत्ती घ्यायची, दुसरा इलाज नाही, असं मी ठरवलं. सेल चालूच होता, तो संपतच नव्हता. पण एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा परदेशात पैसे निघताहेत म्हटल्यावर बँकेने माझं कार्डच बंद केलं. पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने रिसोडच्या शाखेत गेले. खिडकीवरच्या माणसाने चष्म्यावरून बघत विचारलं, "परदेशातून काय घेता?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर. "शेतीचं?" मी हो म्हटलं, कारण लाइनीत माझ्यामागे आमच्या गावचे दोघं उभे होते. कार्ड चालू झालं. परत येताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली आणि मला पाच दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

घरी आले तर सोयाबीनच्या खोलीबाहेर मामाजींच्या चपला.

लॅपटॉपवरचं लांब बटन दाबलं की गाणं वाजतं, हे त्यांना माहीत होतं. आठ वर्षं बाजूला बसून पाहिलेलं. ते खुर्चीत बसले होते, कानांवर हेडफोन, डोळे पडद्यावर. मला पाहून त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कवाचं हाय?"

"पाच दिवसांआधीचं. तुमचंच."

"साफसफाई नाई झाली याची?"

"नाही."

त्यांनी मांडीवरच्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "म्हंजे साफसफाई हे व्हय."

मला अजूनही सुटायचं होतं. खोटं कसं जिभेवर तयार असतं बघा. मी म्हटलं, "मामाजी, हे नवीन सॉफ्टवेअर घेतलं ना, त्याच्यातच काहीतरी..."

"माइक झाला," ते म्हणाले, "आता सॉफ्टवेअर का?"

मी पोत्यावर बसले. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ, पहिल्यापासूनच. आणि मला रडू फुटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं म्हणून, असं काहीबाही मी बोलत राहिले. त्यांनी बोलू दिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वाईट वाटलं असतं, मान्य," ते म्हणाले. "दोन रोज जेवलो नसतो. तुह्याशी बोललो नसतो. तिसऱ्या रोजी पेटी घेऊन बसलो असतो. तवा बासष्टचा होतो मी, छातीत दम होता. आठ वर्षं घोटला असता त वरचा सा लागला असता का नसता, आता तुलेई माहीत नाई अन् मलेई माहीत नाई."

उठले, चपला घातल्या आणि गेले. मी तिथेच बसून राहिले. मला वाटत होतं मी आठ वर्षं त्यांना काही तरी देत होते. त्यांची आठ वर्षं मी नेली होती, आणि ती परत देणारा कोणताही सेल नव्हता. मोठी आवृत्ती मी घेतली नाही.

संध्याकाळी मामाजी साउंडवाल्याच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जेवताना मी विचारलं, सप्ताहात भोंग्यावर काय लावायचं? "जे हाय ते लाव," म्हणाले. मी तसंच पाठवलं. पहिल्या पहाटे वरचा सा आला तेव्हा मी चुलीपाशी डोळे मिटून घेतले. गावात कोणी काही म्हटलं नाही. एका म्हातारीने तेवढं विचारलं, बुवांना बरं नाही का.

सप्ताह उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पेटी घेऊन खोलीत आले. मी सवयीने लॅपटॉप उघडायला गेले.

"ते राहू दे. तू ऐक अन् सांग. खाली आला की खाली आला म्हण."

त्यांनी सूर धरला आणि वर गेले. मला कळेना. खरंच कळेना. आठ वर्षं मी त्यांचा आवाज डोळ्यांनी पाहत होते, गोळा रेघेवर आहे की नाही ते, कान कधी लावलाच नव्हता. मी डोळे मिटले. ते पुन्हा गेले.

"खाली आला," मी म्हटलं.

पुन्हा गेले. खाली. पुन्हा. खाली. अंगणातला सुपाचा आवाज थांबला, आत्याबाई ऐकत असाव्यात. मामाजींच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या, मला वाटलं आता पुरे म्हणावं, पाणी आणावं, खोटं का होईना पण लागला म्हणावं. अकराव्या की बाराव्या वेळी ते फार वर गेले, अगदी काठापर्यंत, आणि तिथे त्यांचा आवाज थरथरत उभा राहिला. इतके जवळ ते कधीच आले नव्हते. त्यांनी भाता सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लागला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांचा चेहरा हो ऐकायलाच बसला होता.

"नाही, मामाजी."

त्यांनी दुपट्ट्याने घाम पुसला. मग त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

"हां," म्हणाले, "आता ऐकून राह्यली तू." आणि पुन्हा पेटीवर हात ठेवला.