मालतीकाकूंचं वर्तुळ

पाडव्यासाठी दारात गेरू लावला आणि त्या ओल्या वासाने मला ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगखाली नेलं. स्वागतयात्रेची रांगोळी चाललेली. शेजारच्या मालतीकाकू दरवर्षी फक्त बाहेरचं मोठं वर्तुळ काढायच्या, तेही नुसत्या हाताने. मला मोर, कमळ, गालिचा, सगळंच थोडंथोडं यायचं.

"काकू, तेच तेच काढून कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"अगं, दरवर्षी वाटतं, यंदा टोकं काही जुळायची नाहीत." मग हात झटकत त्या म्हणाल्या, "पण तुला एवढं सगळं येतं, तर आधी काय काढायचं हे कसं ठरवतेस गं?"

तेव्हा मला ते कौतुकच वाटलेलं. आज गेरू कधीच वाळलाय, चिमटीत रांगोळी आहे, आणि हात अजून वरच थांबलाय.